जीर्णोद्धार, कल्हई आणि एक लाव्हा लॅम्प

जुन्या वस्तूला पुन्हा कामास लावण्यासाठी मराठीत तीन शब्द हाताशी आहेत आणि ते तीन निरनिराळ्या वृत्तींचे निदर्शक आहेत. पहिला शब्द जीर्णोद्धार. त्याचा अर्थ जीर्ण झालेल्याला वर काढणे एवढाच. पण देवळाचा जीर्णोद्धार म्हटले की काळ्या पाषाणाच्या खांबांवर चढलेला तैलरंग, गाभाऱ्यातील चकचकीत फरशी आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी हेच चित्र बहुधा डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द डागडुजी. यात महत्त्वाकांक्षा नाही. जेथे गळते तेथे बुजवावे आणि बाकीच्याला हात लावू नये, एवढीच दृष्टी आहे. तिसरा शब्द कल्हई. पितळेच्या पातेल्याच्या आतला कथलाचा थर झिजला की कल्हईवाला नवसागर टाकून, तापवून, नवा थर देत असे. जुना थर जाऊन नवा आला म्हणून पातेले बदलले असे कोणी म्हणत नसे. आजीचे पातेले दहा वेळा कल्हई होऊनही आजीचेच राही.

घरातल्या घरात एक जुना लाव्हा लॅम्प दुरुस्त करताना या तीन शब्दांतील कोणता आपल्या कामाला लागू पडतो, हा प्रश्न आम्हांस पडला. प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. पण जुन्या संहितेचे संपादन करणारा, जुन्या नाटकाचा नवा प्रयोग बसवणारा, एवढेच काय, जुन्या कवीची निवडक आवृत्ती काढणारा प्राध्यापकही याच प्रश्नाला सामोरा जात असतो. काय राखायचे आणि ते राखण्यासाठी काय टाकून द्यायचे? दिव्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांदेखत बरोबर किंवा चूक ठरते, म्हणून येथे त्या दिव्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम वस्तूविषयी. हा दिवा इंग्रजी आहे आणि 1963 सालचा आहे. एडवर्ड क्रेव्हन वॉकर या गृहस्थांनी दक्षिण इंग्लंडमधील एका पबात अंडे उकडण्याची वेळ मोजण्यासाठी कोणीतरी केलेले एक उपकरण पाहिले. त्यात एक द्रव दुसऱ्या द्रवात तापून हलत असे. त्या कल्पनेवर पुढे काम करून त्यांनी डॉर्सेट परगण्यातील पूल या गावी ‘क्रेस्टवर्थ’ ही कंपनी काढली आणि ‘ॲस्ट्रो’ नावाचा दिवा बाजारात आणला. 1965 साली हॅम्बुर्गच्या व्यापारी प्रदर्शनात तो दोघा अमेरिकी व्यावसायिकांच्या नजरेस पडला. त्यांनी अमेरिकेसाठी हक्क घेतले आणि शिकागोत त्याचे उत्पादन सुरू झाले. साठीच्या दशकातील रंगीबेरंगी तरुण संस्कृतीशी त्याचे नाते जुळले. पुढे ती लाट ओसरली तसा हा दिवाही अडगळीत गेला. 1989 नंतर इंग्लंडमध्ये त्याचे पुनरागमन झाले. 1992 साली मूळ कंपनीने ‘मॅथमॉस’ हे नाव धारण केले. ते ‘बार्बरेला’ या 1968 च्या चित्रपटात शहराखाली खदखदणाऱ्या द्रवाचे नाव आहे. क्रेव्हन वॉकर 2000 साली वारले.

आता त्याची रीत. काचेच्या निमुळत्या बाटलीत पाण्यासारखा एक द्रव असतो आणि तळाशी रंगवलेले मेण. खाली 25 किंवा 40 वॉटचा साधा बल्ब. मेण थंड असताना भोवतीच्या द्रवापेक्षा किंचित जड असते, म्हणून तळाशी बसते. तापून वितळले की ते पाण्यापेक्षा अधिक प्रमाणात प्रसरण पावते, हलके होते आणि वर चढते. वर गेल्यावर बल्बपासून दूर आल्यामुळे निवते, आकसते, जड होते आणि उतरते. तळाशी धातूच्या तारेचे एक वेटोळे असते. उतरून आलेले गोळे पुन्हा एकमेकांत मिसळावेत म्हणून त्याची योजना. एवढेच यंत्र. यात फिरणारा एकही भाग नाही. सगळा खेळ दोन पदार्थांच्या घनतेतील अत्यल्प फरकावर उभा आहे, आणि तो फरक जितका नाजूक तितका तो बिघडणे सोपे.

बिघडतो तो मुख्यतः तीन प्रकारे. दिवा गरम असताना हलवला तर मेणाचे सूक्ष्म कण द्रवात मिसळून द्रव गढूळ होतो. उन्हात ठेवला तर रंग उडतो. आणि तासन्‌तास, किंवा उष्ण खोलीत, पेटता ठेवला तर सगळे मेण वर जाऊन तेथेच थांबते, कारण निवण्यास त्याला थंडावाच मिळत नाही. हा दिवा वीस-बावीस अंशांच्या खोलीसाठी घडवला गेला. आपल्याकडे वैशाखात तो सुस्तावतो यात त्याचा दोष नाही.

आमच्याकडील दिवा नव्वदीच्या दशकातला. आमचे मामा तो इंग्लंडहून घेऊन आले होते, आणि तेथील विजेचा दाब आपल्या दाबाच्या जवळपास असल्याने येथे तो विनासायास चालला. अमेरिकी दिव्याला ती सोय नसती. मामा आता नाहीत. दिव्यातील पाणी तांदळाच्या धुवणासारखे झाले होते आणि मूळचा निळा रंग कोणता होता हे बुडाशी उरलेल्या झाकेवरूनच ताडता येत होते. ते पाणी ओतून देऊन नवे भरावे, हे कोणीही सुचवील. पण ते पाणी मामांनी आणलेल्या दिव्याचे पाणी होते. एकदा मोरीत गेले की ते परत येणार नव्हते, आणि त्यामुळे हा निव्वळ स्वच्छतेचा प्रश्न उरला नाही.

अशा वेळी पुस्तकी माणूस पुस्तकांकडे वळतो. पुनःस्थापनेविषयी युरोपात एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. एका बाजूस फ्रान्सचे व्हियोले-ल-द्यूक. इमारत पूर्णत्वास न्यावी, मग ते पूर्णत्व इतिहासात कधी अस्तित्वात नसले तरी चालेल, अशी त्यांची भूमिका. दुसऱ्या बाजूस जॉन रस्किन. 1849 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच वास्तुकलेचे सात दिवे आहेत, आणि त्यांतील स्मृतीच्या दिव्याविषयीच्या प्रकरणात त्यांनी पुनःस्थापनेला सरळ नाश ठरवले आहे. वेळीच निगा राखा, आणि वस्तू मरणार असेल तर तिला सन्मानाने मरू द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आपल्या शब्दांत सांगायचे तर व्हियोले-ल-द्यूक जीर्णोद्धारवादी आणि रस्किन डागडुजीवादी.

या वादाला विसाव्या शतकात अधिक काटेकोर रूप दिले ते चेझारे ब्रांदी यांनी. रोमच्या केंद्रीय पुनःस्थापन संस्थेचे ते पहिले संचालक. त्यांचा पुनःस्थापनेच्या सिद्धान्तावरील ग्रंथ 1963 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ॲस्ट्रो दिवा आणि हा सिद्धान्त एकाच वर्षीचे. ब्रांदींचे म्हणणे थोडक्यात असे की कलाकृतीचे द्रव्य आणि तिची प्रतिमा यांत भेद करावा, पुनःस्थापना केवळ द्रव्याची करावी, आणि ती करताना भर घातलेला भाग जवळून पाहणाऱ्यास ओळखू यावा. शिवाय पुढच्या पिढीला तो काढून टाकता यावा. चित्राच्या किंवा भित्तिचित्राच्या बाबतीत हे तत्त्व इतके पटणारे आहे की त्यावर वाद घालावासा वाटत नाही.

लाव्हा लॅम्प मात्र या तत्त्वाला अडचणीत आणतो. येथे प्रतिमा कोठे आहे? काचेत नाही, मेणात नाही, पाण्यातही नाही. ती त्यांच्या हालचालीत आहे; आणि ही हालचाल कधीही जशीच्या तशी पुन्हा होत नाही. ही केवळ काव्यमय कल्पना नव्हे. 1996 साली सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत लाव्हा लॅम्पच्या छायाचित्रांपासून यादृच्छिक आकडे मिळवण्याची पद्धत तयार झाली. पुढे क्लाउडफ्लेअर या कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोतील आपल्या कार्यालयात सुमारे शंभर दिव्यांची भिंत उभी केली आणि तिच्यावर कॅमेरा रोखला. त्या चित्रांतून मिळणारी अनिश्चितता संगणकीय सांकेतिक किल्ल्या तयार करण्याच्या कामी येते. मेणाचा पुढचा गोळा कसा सुटेल हे कोणास सांगता येत नाही, म्हणूनच ते काम होते.

तेव्हा ज्या वस्तूचे रूप क्षणोक्षणी निराळे, तिचे मूळ रूप परत आणायचे म्हणजे नेमके काय आणायचे? आमच्या मते उत्तर संगीतात आहे. बंदिश तीच असली तरी गाणे दोनदा तेच होत नाही. तरीही विलंबित ख्याल द्रुत लयीत उरकला तर जाणकार श्रोता उठून जातो. लाव्हा लॅम्पलाही अशी एक लय असते. गोळा तळातून सुटताना रेंगाळतो, मान लांबवतो, तुटतो, सावकाश वर जातो, वरच्या गोळ्याला नुसता टेकून क्षणभर थांबतो आणि मग त्यात विरघळतो. ही विलंबित लय हीच त्या दिव्याची संहिता. ती परत आली तर दुरुस्ती झाली. पाणी स्फटिकासारखे झाले, रंग झगझगीत झाला, पण ही लय हरवली, तर तो जीर्णोद्धार झाला, त्या शब्दाच्या वाईट अर्थाने.

हा निकष एकदा मान्य केला की कामाचा क्रमही आपोआप ठरतो. सर्वांत कमी हस्तक्षेप सर्वांत आधी. म्हणून आम्ही पहिले काही आठवडे झाकण उघडलेच नाही. रोज काही तास दिवा लावायचा, पूर्ण निवू द्यायचा, आणि मुळीच हलवायचा नाही. अनेकदा एवढ्यानेही द्रवात तरंगणारे कण पुन्हा मेणात जाऊन बसतात. आमच्या दिव्यात धुवण थोडे पातळ झाले, पण गेले नाही.

मग दुसरी पायरी. दिवा पूर्ण थंड असताना, मेण घट्ट असताना, सोडावॉटरच्या बाटलीसारखे ते पत्र्याचे झाकण काढले आणि द्रव ओतून घेतला. मोरीत नव्हे, तो एका बाटलीत भरून, चिठ्ठी लावून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवला. मेणावरून थंड पाणी हलकेच फिरवून काढून टाकले. नवे पाणी डिस्टिल्ड, बॅटरीसाठी मिळते ते. नळाच्या पाण्यातील क्षार ढग आणतात. बाटली काठोकाठ भरायची नाही, कारण पाणीही तापून फुगते आणि त्याला वर जागा लागते. त्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, तोही पाण्यात मिसळून. याने मेणाचा काचेला आणि स्वतःला चिकटण्याचा हट्ट कमी होतो. येथे हात सैल सुटला की घात: साबण जास्त झाला तर मेणाचे शेकडो बारीक मणी होतात आणि ते भराभर वर-खाली पळू लागतात. विलंबिताचा द्रुत होतो, तो येथे.

तिसरी पायरी घनतेची. नुसत्या पाण्यात मेण तळाशी बसून राहते. म्हणून एप्सम सॉल्टचे, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचे, दाट द्रावण वेगळे करून ड्रॉपरने थोडे थोडे घालायचे. झाकण उघडेच, दिवा पेटलेला, मेण वितळलेले. पाणी क्षाराने जड होत जाते आणि एका क्षणी मेण उठते. दोन भरींमध्ये अर्धा तास तरी थांबावे लागते, कारण द्रावण मिसळायला वेळ लागतो. मेण वर जाऊन तेथेच राहिले तर भर जास्त झाली. मग डिस्टिल्ड पाण्याने पातळ करायचे. हे काम कोणालाही जमण्यासारखे आहे. फक्त त्याला घाई चालत नाही. आणि मेणात भर घालण्यासाठी घरातली मेणबत्ती मुळीच वितळवू नये. साधे मेण पाण्याहून हलके असते, ते कायमचे वर तरंगेल. दिव्यातील मेण मुद्दाम जड केलेले असते.

ते जड कशाने केले जाई, हे ठाऊक असणे अत्यावश्यक आहे, कारण डागडुजीची मर्यादा तेथे येते. अमेरिकेत 1968 साली मिळालेल्या पेटंटमध्ये मेणाच्या मिश्रणात कार्बन टेट्राक्लोराइडचा उल्लेख आहे. हे रसायन यकृताला घातक, आणि 1970 च्या सुमारास अमेरिकेत घरगुती वापरातून ते बाद झाले. साठीच्या दशकातील दिवा हाती आला तर तो घरी उघडू नये, हे आमचे स्पष्ट मत. तो गढूळ असेल तर गढूळ राहू द्यावा. तसेच बंद बाटली दुसऱ्या कशावरही तापवू नये. 2004 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका तरुणाने लाव्हा लॅम्प स्वयंपाकाच्या शेगडीवर ठेवला. बाटली फुटली आणि काचेच्या तुकड्याने त्याचा जीव घेतला. जुनी वस्तू चालू करण्याच्या हौसेला विवेकाची जोड हवी ती अशासाठी.

आणखी एक अडचण काळाने आणली आहे. लाव्हा लॅम्पला प्रकाशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, उष्णता हवी असते. जुना तारेचा बल्ब आपल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत घालवतो. ज्याला सारे जग अपव्यय म्हणाले त्याच अपव्ययावर हा दिवा जगतो. युरोपीय संघाने 2009 पासून असे बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले. अमेरिकेत 2023 पासून सर्वसाधारण वापराच्या बल्बांवर तसाच निर्बंध लागू झाला. धोरण योग्य आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण एलईडी बल्ब लावला तर दिवा उजळतो आणि मेण मात्र तळाशी निपचित पडून राहते. वस्तू जुनी झाली म्हणजे केवळ ती झिजली असे नव्हे. तिला जगवणारा भोवताल निघून गेला, असाही त्याचा अर्थ होतो. जुन्या ग्रंथाचा वाचकही असाच निघून जात असतो, हे साहित्याच्या शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

या साऱ्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला व्यवहारी माणसाचा: एवढी यातायात करण्यापेक्षा नवा दिवा का घेऊ नये? मिळतो, आणि चांगलाही मिळतो. पण नवा दिवा हा मामांनी आणलेला दिवा नव्हे, एवढे एकच कारण पुरेसे आहे. ते भावनिक आहे म्हणून कमी प्रतीचे ठरत नाही. दुसरा आक्षेप शुद्धतावाद्याचा, आणि तो अधिक वजनदार आहे. तो म्हणेल, तुम्ही मूळ द्रव काढला, मूळ रंग काढला. आता उरले काय? त्याला आमचे उत्तर कल्हईचे. काही वस्तूंच्या घडणीतच बदलण्याचा भाग आणि राखण्याचा भाग असे दोन भाग असतात. पातेल्याचा कथील झिजण्यासाठीच असतो. दिव्यातील पाणी, साबण, क्षार, बल्ब ही त्याची कल्हई. मेण, काच, तारेचे वेटोळे आणि मुख्य म्हणजे लय, हे पातेले. शुद्धतावाद्याच्या हट्टाने गढूळ पाणी जपले असते, तर आम्ही द्रव्य राखून प्रतिमा गमावली असती. ब्रांदींचा सिद्धान्त येथे उलटा करून घ्यावा लागतो. मात्र त्यांनी घातलेल्या दोन अटी, बदल ओळखू यावा आणि उलटवता यावा, या जशाच्या तशा पाळाव्या लागतात.

त्यांतील पहिल्या अटीसाठी आपल्याकडे एक थोर उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वि. सी. सुखटणकर यांनी व्यासांचे मूळ शब्द सापडल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेवढे मागे जाता येते तेवढेच आपण गेलो, ही त्यांची भूमिका. आणि सिद्ध केलेल्या संहितेतही जो पाठ पुरेसा निश्चित नव्हता त्याखाली नागमोडी रेघ दिली. वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळते की येथे संपादकाचा निर्णय आहे, परंपरेची ग्वाही नाही. आमच्या मते कोणत्याही पुनःस्थापनेचा प्रामाणिकपणा या नागमोडी रेघेवर पारखावा. तैलरंग दिलेल्या खांबावर ती रेघ नसते, म्हणून तो खांब खोटे बोलतो.

दिव्यावर नागमोडी रेघ कशी काढणार? आम्ही बैठकीच्या आत, बल्ब बदलताना दिसेल पण उष्णता लागणार नाही अशा जागी, एक चिठ्ठी चिकटवली आहे. द्रव बदलल्याचा महिना व वर्ष, नव्या द्रवात काय काय घातले, मेण मूळचेच आहे ही नोंद, आणि जुना द्रव कोणत्या बाटलीत ठेवला आहे ते, असे त्यात लिहिले आहे. रंग आम्ही घातलाच नाही. मूळ निळा नेमका कोणता होता याची खात्री नसताना अंदाजाने निळा भरणे म्हणजे गळालेल्या ओळीच्या जागी आपली ओळ घालून ती कवीच्या नावावर खपवणे. पाणी त्यामुळे बिनरंगी आहे, आणि पाहणारे विचारतात की हा दिवा असाच होता काय. नव्हता, असे आम्ही सांगतो. उद्या ज्याच्या हाती हा दिवा जाईल त्याला मूळ रंगाचा पुरावा मिळाला तर त्याने तो जरूर घालावा. चिठ्ठीच्या खाली त्याची नोंद करण्यापुरती जागा सोडलेली आहे.